लाल कंधारी: आठ वर्षांचं गणित

मुखेड-कंधारकडच्या रानात गर्द लाल बैलजोडी दिसली की ती बहुधा लाल कंधारीच. कंधार, मुखेड, बिलोली हा या वाणाचा मूळ पट्टा. चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजानं हा वाण जोपासला, असं परंपरेनं सांगतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वाण जोपासण्यामागचं गणित. आज जन्मलेला गोऱ्हा वळू म्हणून कसा निघेल, हे त्याच्या लेकींच्या दुधावरून कळतं. तो वयात यायला अडीच-तीन वर्षं. मग गाय गाभण राहिल्यावर साधारण २८० दिवस. झालेली कालवड पहिल्यांदा व्यायला आणखी साडेतीन-चार वर्षं आणि वर एक पूर्ण वेत. म्हणजे आठेक वर्षं थांबायचं! संकरित गाईनं दूध लवकर वाढतं, हे खरंय. पण मराठवाड्याच्या उन्हात, नुसत्या कडब्यावरही औत ओढणारं जनावर या थांबण्यातूनच घडलं.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेलात, तर जनावरांच्या बाजारात नक्की रेंगाळा. एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला गोऱ्हा दाखवा, तो रंग, वशिंड, खूर बघेल आणि विचारेल, "याची माय कोणती?"