बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर?

‘फिजिक्स म्हणजे सायन्सवाल्यांचं काम’ हा समज गावोगावी घट्ट बसलेला आहे. कला शाखेला गेलेली बाई असो की शाळा सोडून शेतीला लागलेला माणूस, विषयाचं नाव निघताच दोघंही मागे सरतात. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यात तरी असं मागे सरायचं कारण नाही. जिंतूर तालुक्यातल्या या गावात जुनी दगडी मंदिरं आहेत, बारव आहे आणि उघड्यावर उभा असलेला उंच कोरीव स्तंभ आहे. प्रयोगाला लागणारी बरीचशी सामग्री गावातच आहे.

सुरुवात सावलीपासून करता येते. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असं जवळजवळ प्रत्येक जण खात्रीने सांगतो. यात दोन चुका आहेत. पहिली घड्याळाची. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि चारठाणा त्याच्या सुमारे सहा अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून इथली खरी मध्यान्ह सरासरी 12 वाजून 24 मिनिटांच्या आसपास येते. तीही वर्षभर हलते: फेब्रुवारीत 12.38च्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.08च्या सुमारास.

दुसरी चूक ‘डोक्यावर’ या शब्दात. चारठाण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्या मध्यान्हीला सरळ उभ्या काठीची सावली बुडाशीच विरून जाते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते, एरवी ती उत्तरेकडे असते. 22 डिसेंबरला दहा फुटी काठीची मध्यान्हीची सावली नऊ फुटांहून थोडी जास्त भरते. यासाठी काठी, ओळंबा आणि मोजपट्टी एवढंच लागतं. मात्र मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज मोठ्याने सांगावा, हे फार महत्त्वाचं. शिकणाऱ्याचं डोकं कोरं नसतं. त्यात आधीच एक उत्तर असतं आणि ते उघड्यावर आल्याशिवाय नवं उत्तर टिकत नाही.

हीच काठी आणखी एक समज मोडते. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून ऊन तापतं, असं पदवीधरही सांगतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. म्हणजे ऐन थंडीत! हिवाळ्यात किरणं तिरपी येतात, तेवढंच ऊन जास्त जमिनीवर पसरतं आणि दिवसही लहान असतो. लांब सावली नेमका हाच तिरपेपणा दाखवते.

विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार होतं, हाही असाच एक अनुभव. खोलवरच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. बदलते ती बाहेरची हवा, आणि हात तुलना करतो. जानेवारीत पहाटे आणि मेमध्ये दुपारी पाणी काढताच त्यात तापमापक धरला, की वाद मिटतो.

भाषेचा अडसर मात्र खरा आहे, आणि तो काढता येतो. मुंबईत 1974 साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये काम केलं. पाठाची भाषा सोपी केली की मुलांना विज्ञान अधिक समजतं, हे त्या कामातून पुढे आलं. प्रौढांच्या बाबतीतही सुरुवात व्याख्येने करू नये. आधी सावली मोजावी, ‘अक्षांश’ हा शब्द मग द्यावा.

सर्वांत नाजूक विषय पाणाड्याचा. तळहातावरचा नारळ उभा राहतो किंवा हातातली दुबेळकी फांदी झुकते, आणि तिथे बोअर घेतलं जातं. त्या माणसाला लबाड ठरवून शिकवणं पुढे सरकत नाही. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत सूक्ष्म हालचाल करतात, त्याला स्वतःलाही ते जाणवत नाही. मराठवाड्याच्या बेसाल्टमध्ये पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठतं, त्यामुळे थोडंफार पाणी अनेक ठिकाणी लागतंच. डोळे बांधून त्याच शेतात पुन्हा फिरल्यावर खुणा त्याच जागी येतात का, हे शेतकऱ्यांनी स्वतः पाहावं. जमिनीचा विद्युतरोध मोजून अंदाज बांधण्याची पद्धत उपलब्ध आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972पासून काम करते आहे. बोअर कोरडं गेलं तर कर्ज शेतकऱ्याच्याच डोक्यावर राहतं, म्हणून हा धडा टाळू नये.

विजेबद्दलच्या समजुती तर जिवावर बेततात. मोबाइल वीज ओढून घेत नाही. एकटं उंच झाड मात्र धोक्याचं, आणि पाऊस चुकवायला माणसं त्याच्याखालीच जातात. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी शेतातलं काम तिथेच टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.