नागरकाचा दंड

आषाढीत आमच्या क्षेत्रीचे घाट निर्मळ राहावेत म्हणून नगरपालिकेचे कर्मचारी पावतीपुस्तक घेऊन फिरतात. हा आग्रह आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. तो नवाही नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात ‘नागरक’ या नगराधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पण नामक नाण्याचा आठवा हिस्सा दंड, चिखलपाण्याने वाट अडविणाऱ्यास चौथा, राजमार्गावर दुप्पट. पुण्यस्थान, पाणवठा, देवालय येथे मलविसर्जन केल्यास एकेक पणाने चढता दंड. परंतु लगेच पुढे तो सांगतो की औषध, व्याधी वा भय यांमुळे तसे घडल्यास दंड करू नये.

मागील आषाढीत अतिसाराने गळून गेलेल्या एका वृद्ध माउलीपुढे घाटावर असेच पावतीपुस्तक उघडले गेले. आम्ही पुढे होऊन कौटिल्याचे हे वचन ऐकविले. (घाटावर संस्कृत ऐकून तो तरुण गोंधळलाच!)

“बुवा, आम्हांला वर हिशेब द्यावा लागतो,” तो म्हणाला.

“मग आमच्या नावे फाडा.”

त्याने क्षणभर माउलीकडे पाहिले, पुस्तक मिटले आणि आरोग्यपथकाचा तंबू दाखवावयास तिचे गाठोडे उचलून स्वतःच पुढे निघाला.