गुळव्याची गोळी आणि माझा तापमापक

सांगलीहून पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आष्टा हे गाव लागते. कृष्णा आणि वारणा या नद्यांमधला हा उसाचा मुलूख. साखर कारखाने आले तशी येथली गुऱ्हाळे कमी झाली. तरी थंडीच्या दिवसांत उकळत्या रसाचा वास अजूनही कोठे कोठे येतो. अशाच एका गुऱ्हाळात मी पदार्थविज्ञानाचा एक धडा शिकलो.

तेव्हा मी नुकताच कॉलेजात शिकवू लागलो होतो. काकांच्या गुऱ्हाळावर मी मोठ्या ऐटीत तापमापक घेऊन गेलो. रस ११८ अंश सेल्सिअसला पोचला की गूळ तयार होतो, असे मी वाचले होते. गुळव्याने थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि म्हणाला, "गोळी झाली. उतरा काहील." तापमापक ११६ अंश दाखवत होता. मी म्हणालो, "मामा, अजून दोन अंश थांबा." काकांनी माझ्या शिक्षणाचा मान राखला. ते आदण काळपट उतरले, गुळाला करपट वास आला आणि बाजारात दर कमी मिळाला. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण माझे चुकले कोठे?

आधी गूळ कसा होतो ते पाहू. उसाच्या रसात सुमारे ८० टक्के पाणी असते. रस किंचित आम्ल असतो. आम्ल रस तापवला तर त्यातील साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते व गूळ चिकट राहतो. म्हणून बेताचा चुना घालून आम्लता कमी करतात. भेंडीचा बुळबुळीत रस घातला की बारीक गाळ त्यात अडकून वर येतो. हीच मळी. ती झाऱ्याने काढून टाकतात. काहील रुंद आणि उथळ असते, कारण पृष्ठभाग जितका मोठा तितकी वाफ लवकर निघून जाते. चुलवाणात जळण असते ते उसाच्याच वाळलेल्या चिपाडांचे.

आता मुख्य गोष्ट. पाण्यात साखर विरघळली की त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. साखरेच्या रेणूंमुळे पाण्याचा बाष्पदाब कमी होतो. तो हवेच्या दाबाइतका होण्यासाठी पाणी अधिक तापवावे लागते. ६० टक्के साखरेचे द्रावण सुमारे १०३ अंशांना उकळते. पुढे पाणी कमी होत जाते तसा उत्कलनबिंदू वेगाने चढतो. म्हणून सुरुवातीला तासभर पारा जेमतेम हलतो आणि शेवटचे काही अंश मात्र बघता बघता चढतात. त्या वेळी पाक दाट असतो, नीट खालीवर होत नाही आणि तळाशी करपू लागतो. दोन अंशांची किंमत तेथे फार मोठी असते.

पण ११८ हा आकडा खोटा होता का? नाही. तो समुद्रसपाटीचा होता! आष्टा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. येथे शुद्ध पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते, मग पाकही दोन अंश आधीच तयार होणार. माझा तापमापक बरोबर होता. त्याचा अर्थ लावणारा चुकला होता.

आता गुळव्याची रीत तपासून पाहा. पाकात किती पाणी उरले, हा खरा प्रश्न आहे. उरलेले पाणी जास्त असेल तर गोळी मऊ होते, कमी असेल तर घट्ट. हवेच्या दाबाचा गोळीवर परिणाम होत नाही. शिवाय प्रत्येक नमुना गार पाण्यात टाकल्याने तो जवळजवळ सारख्याच तापमानाला येतो आणि तुलना रास्त होते. आपण प्रयोगशाळेत इतर परिस्थिती कायम ठेवतो, ती हीच गोष्ट नव्हे काय? आडवा पडलेला ऊस आला, तर त्याच्या रसात विघटन झालेली साखर जास्त असते व गोळी नीट बांधत नाही. तेही बोटांना कळते. तापमापकाला कळत नाही.

म्हणून तापमापक टाकून द्यायचा का? मुळीच नाही. बोटांचे कसब शिकायला वर्षे लागतात, आकडा मात्र नवख्यालाही वाचता येतो. पुढच्या हंगामात मी आधी तेथेच साधे पाणी उकळून त्याचा उत्कलनबिंदू पाहिला, तेवढी वजाबाकी केली आणि मगच काहिलीपाशी गेलो. या वेळी गुळव्याची गोळी आणि माझा आकडा यांचे जमले.

तुम्हीही शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली शुद्ध पाणी उकळा आणि त्याच्या वाफेचे तापमान टिपून ठेवा. ते १०० अंश भरले नाही, तर तापमापकाला लगेच दोष देऊ नका. आधी आपले गाव किती उंचीवर आहे, ते शोधा.