रेंगाळणारी कंबरदुखी आणि मायलोमा

साठी ओलांडली की कंबर दुखायचीच, थकवा यायचाच, असे म्हणत अनेक जण दुखणे अंगावर काढतात. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दिवस ढकलतात. बहुतेकांमध्ये कारण हाडांची झीज किंवा स्नायूंचा ताण एवढेच असते. मात्र कंबरदुखीच्या जोडीला हिमोग्लोबिन कमी आणि क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाची शंका घ्यायला हवी.

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करतात. मायलोमात अशा एकाच बिघडलेल्या पेशीपासून असंख्य पेशी वाढतात आणि त्या सगळ्या एकाच छापाचे, निरुपयोगी प्रथिन बनवत राहतात. त्याला ‘एम प्रोटीन’ म्हणतात. मज्जेत या पेशींची गर्दी झाली की तांबड्या पेशी कमी पडतात आणि रक्तक्षय होतो. हाडे झिजवणाऱ्या पेशींना चेव येतो. हाडे पोखरली जातात, मणका दबतो, रक्तात कॅल्शियम वाढते. प्रथिनाचे तुकडे मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतात. चांगली प्रतिपिंडे घटल्याने न्यूमोनियासारखे संसर्ग वारंवार होतात.

१८४५ मध्ये लंडनमधील मॅकबीन नावाच्या किराणा व्यापाऱ्याला हाडांच्या असह्य वेदना होत होत्या. त्याच्या लघवीतील पदार्थ तापवल्यावर साकळे, उकळल्यावर विरघळे आणि थंड होताच पुन्हा दिसू लागे. डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्यांचेच नाव त्या प्रथिनाला मिळाले. लघवीच्या नेहमीच्या पट्टी तपासणीत मात्र हे प्रथिन आजही निसटू शकते.

म्हणूनच वेगळ्या तपासण्या लागतात. रक्ताच्या साध्या अहवालात ग्लोब्युलिन किंवा ईएसआर फार वाढलेला दिसणे हा पहिला इशारा असू शकतो. पुढे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन, अस्थिमज्जेची तपासणी आणि सीटी किंवा पेट स्कॅन केले जाते.

एम प्रोटीन सापडले म्हणजे कर्करोगच झाला, असे नाही. पन्नाशीपुढील सुमारे ३ टक्के लोकांच्या रक्तात ते थोड्या प्रमाणात असते आणि त्रास काहीच नसतो. या अवस्थेला ‘एमजीयूएस’ म्हणतात. त्यातून वर्षाला साधारण १ टक्का लोकांमध्ये मायलोमा किंवा त्यासारखा आजार उद्भवतो. त्यामुळे औषध नको, पण ठरावीक काळाने तपासणी हवी. याच प्रथिनाचे तुकडे हृदय वा मूत्रपिंडात साचले, तर त्या आजाराला एएल अमायलॉयडोसिस म्हणतात.

मायलोमा सहसा समूळ बरा होत नाही, पण अनेक वर्षे आटोक्यात ठेवता येतो. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डाराटुमुमॅब यांसारखी औषधे आणि रुग्णाच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण यांमुळे चित्र पालटले आहे.

घरात पाळण्याजोगी गोष्ट एकच. दुखणे महिनाभर हटत नसेल, रात्री वाढत असेल किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेत राहू नयेत. मायलोमात आधीच ताणलेले मूत्रपिंड त्यांनी निकामी होऊ शकते. पायांतील शक्ती अचानक कमी झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.