कोपराची जखम आणि फ्लॅपची निवड

हात दुमडून कोपराचं टोक चाचपून बघा. कातडी पातळ, खाली चरबी नावाला आणि लगेच हाड! म्हणूनच अपघातात इथली कातडी गेली की हाड किंवा हाड जोडायला बसवलेली प्लेट उघडी पडते.

मग मांडीची कातडी काढून लावली तर? उघड्या हाडावर किंवा धातूवर ती जगत नाही, कारण तिला खालून रक्त मिळावं लागतं. फ्लॅप, म्हणजे कातडीचा किंवा स्नायूचा जिवंत तुकडा, मात्र स्वतःची रक्तवाहिनी सोबत घेऊन येतो.

मुख्य पर्याय:

🔹 लहान जखम: कोपरामागचा अँकोनियस हा छोटा स्नायू वळवतात.

🔹 मध्यम जखम: दंडाच्या बाहेरच्या बाजूची कातडी खाली फिरवतात (रिव्हर्स लॅटरल आर्म फ्लॅप).

🔹 त्याहून मोठी: कोपराखालच्या हाताची कातडी (रेडियल फोरआर्म फ्लॅप). पातळ आणि भरवशाचा, पण हाताची एक मुख्य धमनी (रेडियल) खर्ची पडते. म्हणून आधी अ‍ॅलन टेस्ट: मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून मूठ उघड-मीट करायला लावतात, मग उरणारी अल्नर धमनी सोडतात. पांढरा तळवा पटकन लाल झाला, तरच पुढे जायचं.

🔹 फारच मोठी: पाठीचा लॅटिसिमस डॉर्साय स्नायू, बगलेतल्या रक्तवाहिनीसकट कोपरापर्यंत आणतात. टोकाला रक्त कमी पडण्याचा धोका असतो.

एक लक्षात ठेवा, कोपर फार लवकर आखडतं. जखम झाकली म्हणजे काम संपलं नाही. घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली, तर सर्जनना आवर्जून विचारा: हात हलवायला कधी सुरुवात करायची?