देवाचा कौल आणि सभेचा कौल



कोकणात देवाला कौल लावतात. उजवीकडचे फूल पडले की होकार, डावीकडचे पडले की नकार. निवडणुकीच्या निकालालाही आपण ‘जनतेचा कौल’च म्हणतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हा दुसरा कौल आमच्या नित्याच्या परिचयाचा. संप करायचा की नाही, हे आम्ही हात मोजून ठरवीत आलो. एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास, की ठराव पास! पण ते एकोणपन्नास उद्या गेटावर आपल्या बाजूला उभे राहतील काय, हे मोजणीतून कळत नाही.

ख्रिस्ती धर्मात एक पंथ असा आहे, की जो फुलेही लावीत नाही आणि हातही मोजीत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून उभा राहिलेला हा क्वेकर पंथ. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश आहे, ही त्यांची श्रद्धा. मग निर्णय कसा घ्यायचा? सारे निःशब्द बसतात. विषय मांडला जातो. ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून बोलतो, पुन्हा शांतता. सभेचा कल कोठे आहे हे चिटणीस ओळखतो, ठराव तेथेच लिहितो आणि वाचून दाखवितो. सर्वांना पटला तर ठीक. न पटला तर विषय पुढे ढकलावयाचा. मतदान नाही. बहुमत म्हणजे देवाची इच्छा नव्हे, असे ते मानतात.

ही रीत ऐकावयास गोड आहे. परंतु तिची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे.

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन येथे १६८८ साली चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध आपल्या सभेपुढे ठेवला. कागद खालच्या सभेकडून वरच्या सभेकडे गेला आणि तेथे निर्णयावाचून पडला. अनेक क्वेकर स्वतःच गुलामांचे मालक होते. मग एकमत व्हावे कसे?

न्यू जर्सीत १७२० साली जॉन वुलमन जन्मला. तरुणपणी तो एका दुकानात नोकरीस होता. मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहावयास सांगितले. त्याने ते लिहिले, पण हे ख्रिस्ती धर्माला धरून नाही असेही तेथेच सांगितले. पुढे असे कागद लिहिण्याचे त्याने साफ नाकारले. स्वतःचे दुकान भरभराटीस आले तेव्हा पसाऱ्यात मन गुंतू नये म्हणून त्याने ते आवरते घेतले आणि शिवणकामावर गुजराण केली. अंतरीचा आवाज ऐकावयाचा तर आधी आपल्या लाभाचा गलबला थांबविला पाहिजे, हे त्या शिंप्याने जाणले होते.

१७५८ च्या वार्षिक सभेत काहींचे म्हणणे पडले, की थांबू या, देवच मार्ग दाखवील. वुलमनने बजावले, की काही जणांच्या स्वार्थासाठी आपण कर्तव्य टाळून एखाद्या अद्‌भुत मार्गाची वाट पाहत बसलो, तर देवाचे उत्तर भयंकर येईल. सभा हलली. गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे मन वळविण्यासाठी माणसे नेमली गेली. त्यांत वुलमनही होता. तो १७७२ साली वारला. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची मनाई केली.

१६८८ ते १७७६ म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षे! सभेने धीर धरला खरा, पण भोगले गुलामांनी. आणि त्यांना त्या सभेत तोंड नव्हते.

म्हणून ईश्वरी मार्गदर्शन मागणाऱ्याने, आणि आमच्यासारख्या हात मोजणाऱ्यानेही, दोन प्रश्न स्वतःस विचारावेत असे आम्हांस वाटते. हा कौल आपल्या फायद्याचाच कसा निघाला? आणि ज्याला त्याचे फळ भोगावयाचे आहे, तो या सभेत आहे काय? या दोन प्रश्नांतून पार पडला, तर तो कौल खरा मानावयास हरकत नाही.