अभिजात स्पोर्ट्स मोटारींतील इंजिनबदल : अभियांत्रिकी, कायदा आणि ‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न

प्रस्तावना

मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे येथे जनरल मोटर्सने २००८ मध्ये मोटार कारखाना व २०१० मध्ये इंजिन कारखाना सुरू केला. डिसेंबर २०२० मध्ये तेथील मोटारींचे उत्पादन थांबले. पुढे हा प्रकल्प ह्युंदाई कंपनीने घेतला आणि २०२५ मध्ये तेथे पुन्हा इंजिने तयार होऊ लागली. अशा कारखान्यात कोणतेही इंजिन सुटी वस्तू म्हणून घडत नाही. ते कोणत्या वाहनात बसणार, त्या वाहनाचे वजन किती, गिअरबॉक्स कोणता, हे सर्व आधीच ठरलेले असते. जुन्या स्पोर्ट्स मोटारीत भिन्न इंजिन बसविताना नेमकी हीच पूर्वनियोजित सांगड मोडते आणि ती नव्याने घालावी लागते. या प्रक्रियेची तांत्रिक व कायदेशीर बाजू स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंजिनबदलाची कारणे

इंजिनबदलामागे प्रामुख्याने दोन कारणे आढळतात : अधिक शक्तीची अपेक्षा आणि सुट्या भागांची टंचाई. पहिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९६२ ची कोब्रा. कॅरोल शेल्बी यांनी ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या मोटारीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले. भारतात दुसरे कारण अधिक प्रभावी ठरले. आयातीवर निर्बंध असताना परदेशी मोटारींचे भाग दुर्मीळ होते; त्यामुळे जे इंजिन देशात मिळे, त्याचा विचार करणे भाग पडे. येथे एक तांत्रिक योगायोग लक्षणीय आहे. १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स मोटारीचे १४८९ सीसीचे इंजिन आणि हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरचे तेवढ्याच क्षमतेचे इंजिन ही एकाच ब्रिटिश कुळातील होत. म्हणजे ‘परके’ इंजिनही कधीकधी नात्यातले असू शकते.

तांत्रिक बाजू

इंजिन मोटारीच्या पुढील भागात मावले म्हणजे काम संपले, हा समज चुकीचा आहे. एमजीबी या मोटारीचे उदाहरण त्या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या १७९८ सीसीच्या, ९५ अश्वशक्तीच्या इंजिनाऐवजी १९७३ मध्ये उत्पादक कंपनीनेच रोव्हरचे ३५२८ सीसीचे, १३७ अश्वशक्तीचे इंजिन बसविले. नवे इंजिन अॅल्युमिनियमचे असल्याने वजन थोडेच वाढले. परंतु टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, सुमारे पावणेदोनपट झाला. परिणामी मागील आसावरील गिअरचे गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ करावे लागले, रेडिएटर पुढे सरकवावा लागला आणि त्यासाठी विजेचे दोन पंखे द्यावे लागले. १९७६ पर्यंत अशा २,५९१ मोटारी तयार झाल्या.

यावरून पुढील क्रम लक्षात येतो. इंजिन जड असेल तर पुढील आसावरील भार वाढून स्टिअरिंग व स्प्रिंगांचे संतुलन बिघडते. टॉर्क वाढला तर क्लच, गिअरबॉक्स व मागील आस यांच्यावर ताण येतो. शक्तीबरोबर उष्णता वाढते. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना वेग कमी आणि भार अधिक असतो, तेव्हा अपुऱ्या रेडिएटरची मर्यादा लगेच उघड होते. तोच घाट उतरताना ब्रेकची परीक्षा होते. वेग वाढविणारा परंतु थांबविण्याची क्षमता न वाढविणारा इंजिनबदल हा सुरक्षिततेच्या दृष्टीने अपूर्णच मानला पाहिजे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. वायू, बॅटरी अशा भिन्न इंधनावर वा ऊर्जास्रोतावर वाहन चालविण्यासाठी विहित अटींच्या अधीन राहून रूपांतर-संच बसविण्याची तरतूद मात्र याच कलमात आहे. म्हणजे अधिक शक्तीसाठी केलेल्या बदलापेक्षा ऊर्जास्रोत बदलण्यास कायदा अधिक अनुकूल आहे.

जुलै २०२१ च्या नियमांनी या विषयास नवे परिमाण दिले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे आहे. परंतु वाहन मूळ स्वरूपात असणे आणि त्याच्या चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसणे, ही अट त्यास जोडलेली आहे. टंचाईच्या काळात काटकसर म्हणून झालेला इंजिनबदल आज त्या मोटारीस वारशाच्या श्रेणीबाहेर ठेवू शकतो.

‘मूळ’ म्हणजे काय?

मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही मोटार आणली. तिचा सांगाडा फियाट १२४ चा, तर ११७१ सीसीचे इंजिन आणि गिअरबॉक्स निसानचे होते. ही स्पोर्ट्स मोटार नव्हे. तथापि महाराष्ट्रातील उत्पादकाने केलेला तो इंजिनबदलच होता. १९८५ मध्ये नोंदलेल्या अशा मोटारीस २०३५ मध्ये ५० वर्षे होतील, तेव्हा निसानचे इंजिनच तिचे मूळ इंजिन ठरेल आणि त्याऐवजी फियाटचे बसविल्यास तो फेरबदल ठरेल. मौलिकता इंजिनाच्या कुळावर अवलंबून नसून उत्पादकाच्या निर्णयावर व नोंदीवर अवलंबून असते, असा याचा अर्थ होतो.

निष्कर्ष

इंजिनबदल ही केवळ यांत्रिक दुरुस्ती नसून वाहनाची ओळख बदलणारी कृती आहे. म्हणून मूळ इंजिन जतन करणे, सांगाडा न कापता बदल करणे आणि प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवणे ही किमान शिस्त आवश्यक ठरते. चासीवरील व इंजिनावरील क्रमांक, छायाचित्रे आणि मोजमापे यांची नोंद करण्याचे काम महाविद्यालयांतील अभियांत्रिकी व इतिहास हे विभाग मिळून प्रकल्परूपाने करू शकतील. एकदा कापलेला सांगाडा व भंगारात गेलेले इंजिन परत मिळत नाही. नोंद राहिली तर निदान त्या मोटारीचा इतिहास तरी उरतो.